१२० रिमोट, ८६ उत्तरं : सभागृहातल्या व्होटिंग रिमोटचं नेहमीचं दुखणं कसं शोधायचं

माणसं १२०, प्रत्येकाच्या हातात रिमोट, आणि पडद्यावरचा आकडा ८६ वर येऊन थांबलेला. दहा सेकंद झाली, वीस झाली, आकडा हलत नाही. सूत्रसंचालक माझ्याकडे बघतोय, मी लॅपटॉपकडे. रिमोटवर मतं घेणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग एकदा तरी अनुभवलेला असतो. सांगली-मिरज भागात मी साउंड आणि प्रोजेक्टरची कामं करतो, सोबत रिमोटचा संचही देतो. द्राक्ष बागायतदारांची चर्चासत्रं, डॉक्टरांच्या परिषदा, कारखान्यांतली सुरक्षा प्रशिक्षणं, शाळांमधल्या प्रश्नमंजूषा अशा सगळीकडे हा संच फिरतो. खोक्यावर याचं नाव ऑडियन्स रिस्पॉन्स कीपॅड असं काहीतरी असतं, पण आपल्याकडे सगळे रिमोटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

हे दुखणं मी मनावर का घेतलं ते आधी सांगतो, कारण ‘शंभरातली वीस-पंचवीस उत्तरं नाही आली तर काय बिघडतं, अंदाज तर येतो’ असं म्हणणारे आयोजक मला बरेच भेटतात.

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीचं चर्चासत्र होतं, तासगाव रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. जेवणानंतर आधी कोणता विषय घ्यायचा हे शेतकऱ्यांनीच ठरवावं असं आयोजकांनी ठरवलं होतं. एक म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांवर राहणारे फवारणीच्या औषधांचे अंश, दोन म्हणजे कमी पाण्यात बाग कशी सांभाळायची. मतं पडली : निर्यात ४७, पाणी ३९. निकाल जाहीर झाला, वक्ते माइककडे निघाले. तेवढ्यात मागून एक आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, “ओ साहेब, हिकडं आमच्या कुणाचाच दिवा हिरवा झाला न्हाई.” ज्यांचा दिवा हिरवा झाला नाही त्यांनी हात वर करा म्हटलं, तर तीस-बत्तीस हात वर आले, आणि जवळपास सगळे शेवटच्या तीन ओळींमधले. ती मंडळी जत आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून आलेली होती. लांबून येणारा उशिरा पोचतो आणि उशिरा पोचलेला मागं बसतो. मग हात वर करून पुन्हा मोजणी केली : पाणी ६५, निर्यात ५५. निकाल उलटा झाला होता.

म्हणजे गळालेली ३४ मतं इकडून थोडी, तिकडून थोडी अशी गळालेली नव्हती. ज्यांना पाण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, नेमकी तीच माणसं यंत्राला ऐकू आली नव्हती. रिमोटच्या बिघाडात हे नेहमी होतं. तो कुणाला तरी एका बाजूला कापतो : मागच्यांना, खांबाआडच्यांना, ज्यांची बोटं राठ आहेत त्यांना. त्यामुळे उरलेल्या उत्तरांवरून अंदाज काढणं धोक्याचं आहे.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. सगळ्यात आधी रिमोट उघडून सेल बदलायला लागू नका. मीही कित्येक वेळा तेच केलं आणि कित्येक वेळा ते फुकट गेलं. आधी एवढंच बघा की कोणती उत्तरं येत नाहीत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उत्तर आलेल्या रिमोटचे क्रमांक दिसणारा तक्ता असतो. तो उघडा आणि राहिलेले क्रमांक कागदावर लिहा. आता ते क्रमांक कुठं बसलेत ते कळायला हवं, आणि इथं वाटपाची पद्धत कामाला येते. पूर्वी आमचे रिमोट चहाच्या टेबलाजवळ टोपलीत असायचे, ज्याला जो हाताला लागेल तो. त्यामुळे ४७ नंबरचा माणूस पुढं आहे की मागं, कुणालाच ठाऊक नसायचं. आता मी माणसं खुर्चीवर बसल्यावर ओळीनं वाटतो. पहिल्या ओळीत १ ते १२, दुसरीत १३ ते २४, असं. एवढ्यानं रिमोटचा नंबर म्हणजे सभागृहाचा नकाशाच होतो. ८५ च्या पुढचे गळतायत म्हटलं की मागच्या ओळी, हे नजर वर न करता समजतं.

राहिलेले क्रमांक एका भागात गोळा झाले असतील तर दोष रेडिओ लहरींच्या वाटेत आहे. एका ठराविक आकड्याच्या पुढचं एकही उत्तर येत नसेल, मग ती माणसं कुठंही बसलेली असोत, तर दोष सेटिंगमध्ये आहे. इकडे एक, तिकडे एक असे विखुरलेले आणि दर वेळी तेच असतील तर ते रिमोट किंवा त्यांचे सेल खराब आहेत. आणि आधी सगळी उत्तरं येत होती, मग अचानक बंद झाली असतील, तर लॅपटॉपकडे वळा.

सेटिंगचा दोष लवकर सापडतो, म्हणून तो आधी उरकून घेतो. एका शाळेत १ ते १०० रिमोटची उत्तरं झकास येत होती आणि १०१ ते १२० मधलं एकही नाही. आदल्या आठवड्यात शंभर जणांचा कार्यक्रम झाला होता आणि सॉफ्टवेअरमध्ये रिमोटची मर्यादा १०० वरच ठेवलेली राहिली होती. तशीच गोष्ट नावांच्या यादीची. जुन्या कार्यक्रमाची यादी जोडलेली राहिली, तर यादीत नसलेल्या रिमोटची उत्तरं काही सॉफ्टवेअर घेतच नाहीत. नवीन कार्यक्रमाला नवीन फाइल, हा नियम पाळा. आणि दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले संच एकत्र वापरत असाल तर दोन्हींचं चॅनेल, म्हणजे रिमोट ज्या रेडिओ लहरीवर बोलतो तिचा क्रमांक, एकच आहे ना, ते प्रत्येक रिमोटवर बघा.

रेडिओची गोष्ट मोठी आहे. आमच्या १०० पैकी निदान ७० वेळा दोष इथंच निघाला आहे असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

हे रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे, म्हणून वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस, स्वस्तातले डिजिटल कॉलर माइक, सगळे तिथंच दाटीवाटीनं बसलेले असतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि पाणी तिला शोषून घेतं. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त. म्हणजे भरलेलं सभागृह या लहरींसाठी ओल्या भिंतींची रांग असते. रिमोट मांडीवर धरलेला, पुढं बारा बारा माणसांच्या नऊ ओळी, आणि रिसीव्हर, म्हणजे रिमोटची उत्तरं पकडणारं, लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचं लहान यंत्र, स्टेजवरच्या टेबलावर, कमरेच्या उंचीवर. मागच्या माणसाचा सिग्नल त्या सगळ्या पाठींमधून वाट काढत पोचायचा आहे.

आम्ही सकाळी रिकाम्या सभागृहात चाचणी घेतली तेव्हा १२० पैकी १२० उत्तरं आली होती. दुपारी ८६. सकाळची चाचणी खोटी नव्हती, पण तिच्यात माणसं नव्हती. म्हणून रिकाम्या सभागृहातली चाचणी पास झाली तरी निर्धास्त होऊ नका. ती रिमोट चालू आहेत एवढंच सांगते, पोचतील का ते सांगत नाही.

उपाय सोपा आहे : रिसीव्हर माणसांच्या डोक्यावरून बघू शकेल असा उंच ठेवा. मी स्पीकरचा किंवा माइकचा स्टँड घेतो, सात-आठ फुटांवर नेतो आणि रिसीव्हर वर चिकटपट्टीनं बांधतो. तो लोखंडी दांड्याला चिकटून बसू नये म्हणून मध्ये थर्माकोलचा तुकडा घालून वीतभर लांब ठेवतो. स्टेजच्या मधोमध ठेवण्यापेक्षा सभागृहाच्या लांबीच्या मध्यावर, एखाद्या बाजूच्या भिंतीकडे ठेवला तर पुढच्यांना आणि मागच्यांना अंतर सारखं पडतं. त्या मंगल कार्यालयात रिसीव्हर एलईडी पडद्याच्या मागं, स्टीलच्या टेबलावर ठेवलेला होता. पुढं धातूची भिंत, खाली धातूचं टेबल. तिथून ८६ उत्तरं पोचली हेच विशेष.

पत्र्याचं छत आणि लोखंडी खांब असले की आणखी एक प्रकार दिसतो. एकाच ओळीत शेजारच्या दोघांचं पोचतं आणि मधल्याचं नाही. लहरी पत्र्यावरून परावर्तित होतात, सरळ आलेली आणि आपटून आलेली लहर एखाद्या जागी एकमेकींना मारून टाकतात. तिथं सिग्नल पडतो. पण लहरच साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे ही मेलेली जागाही लहानच असते. रिमोट चार बोटं इकडं तिकडं सरकवून पुन्हा दाबला की पोचतो. अशा माणसाला रिमोट बदलून देण्याआधी “आण्णा, हात जरा वर करून दाबा बघू” एवढं सांगून पाहा. आणि रिमोट धरताना त्याची वरची कड मुठीत झाकली जात नाही ना ते बघा. लहान रिमोटमध्ये अँटेना बहुधा त्याच बाजूला असतो.

आता ज्या दोषानं मला दोन वर्षं चकवलं तो. एकाच कार्यक्रमात पहिल्या वक्त्याच्या वेळी सगळी उत्तरं यायची, दुसऱ्याच्या वेळी कमी, तिसऱ्याच्या वेळी पुन्हा ठीक. सभागृह तेच, माणसं तीच, रिमोट तेच. मी सेल बदलले, रिसीव्हर बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेवटी एका कार्यक्रमात मी नुसता लॅपटॉपकडे बघत बसलो आणि लक्षात आलं की दुसरे वक्ते स्वतःचं सादरीकरण पेनड्राइव्हवर आणतात, आणि तो पेनड्राइव्ह रिसीव्हरच्या शेजारच्याच खाचेत लावतात. पेनड्राइव्ह यूएसबी ३.० चा होता. यूएसबी ३.० वर माहिती सेकंदाला पाच गिगाबिट वेगानं धावते, आणि त्या धावण्यातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. यावर इंटेलनं २०१२ मध्येच सविस्तर टिपण प्रसिद्ध केलेलं आहे. बिनतारी माउस अडखळतो तोही कधी कधी यामुळेच. रिसीव्हरच्या कानाशीच कुणीतरी ओरडत बसल्यावर त्याला मागच्या ओळीतला बारीक आवाज कसा ऐकू येणार?

तेव्हापासून माझ्या पेटीत तीन मीटरची साधी यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल कायम असते. रिसीव्हर लॅपटॉपला थेट लावायचाच नाही. या केबलनं दोन कामं एकदम होतात : गोंगाटापासून अंतर मिळतं आणि रिसीव्हर उंच बांधता येतो. साधी केबल पाच मीटरच्या पुढं नेऊ नका, त्यापुढं हवी असेल तर आत इलेक्ट्रॉनिक्स असलेली ॲक्टिव्ह केबल घ्या. आणि सगळी सादरीकरणं कार्यक्रमाच्या आधीच लॅपटॉपवर उतरवून घ्या, पेनड्राइव्ह काढून वक्त्याच्या हातात परत द्या. निळ्या तोंडाची खाच दिसली की ती यूएसबी ३.० ची असण्याची शक्यता जास्त. पण सगळेच लॅपटॉपवाले रंग पाळत नाहीत, म्हणून रंगावर भरवसा ठेवण्यापेक्षा केबल वापरणं खात्रीचं.

हॉटस्पॉटचंही तसंच. आयोजकांपैकी कुणीतरी लॅपटॉपला इंटरनेट देण्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि मोबाइल रिसीव्हरच्या शेजारी ठेवून देतो. इंटरनेट लागणारच असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर घ्या, बहुतेक नव्या फोनमध्ये ती सोय असते, आणि फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. नसेल लागत तर बंद करा.

एवढं करूनही गर्दीच्या ठिकाणी, म्हणजे कॉलेजच्या इमारतीत किंवा हॉटेलच्या सभागृहात, वाय-फायचा मारा असतोच. तिथं रिमोटचं चॅनेल बदलावं लागतं. आधी वाय-फाय कुठं बसतं ते समजून घ्या. बहुतेक राउटर चॅनेल १, ६ किंवा ११ वर असतात. त्यांचे मध्यबिंदू २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक जण दोन्ही बाजूंना दहा-अकरा मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे ११ नंबरचं वाय-फाय साधारण २४७३ ला संपतं. तिथून २४८३ पर्यंतची पट्टी बऱ्याचदा शांत असते. अनेक रिमोटमध्ये चॅनेलचा आकडा २४०० मध्ये मिळवला की मेगाहर्ट्झ येतात. माझ्या संचाला हेच लागू पडतं. चॅनेल ४१ म्हणजे २४४१, बरोबर ६ नंबरच्या वाय-फायच्या पोटात. ७६ ते ८० मधलं चॅनेल घेतलं की मी वाय-फायच्या वरच्या मोकळ्या जागेत जातो. तुमच्या रिमोटचा हिशेब वेगळा असू शकतो, तेव्हा त्याची पुस्तिका बघा. सभागृहात मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप उघडून आधी चित्र बघून घ्या, कुठलं चॅनेल रिकामं आहे ते दोन मिनिटांत दिसतं. १२ किंवा १३ वर कुणी बसलेलं दिसलं तर मात्र वरची पट्टीही मोकळी नाही, मग ज्या भागात वाय-फाय सगळ्यात क्षीण दिसतं तो निवडा.

चॅनेल बदललं की ते रिसीव्हरवर आणि प्रत्येक रिमोटवर बदलायचं असतं. १२० रिमोटवर हे काम करायला दोघांना अर्धा-पाऊण तास लागतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर हे जमत नाही, म्हणून आदल्या दिवशी सभागृहात जाऊन यायला हवं. एकाच आवारात दोन सभागृहांमध्ये दोन संच चालू असतील तर दोघांची चॅनेलं वेगळी ठेवा, नाहीतर इकडच्या वर्गाची उत्तरं तिकडच्या पडद्यावर जाऊन पडतात.

परदेशातून वापरलेले संच स्वस्तात मिळतात, त्याबद्दल एक सूचना. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा उपकरणांना मोकळा आहे. भारतात नाही. इथं ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात. तसा संच इथं चालवणं नियमबाह्य आहे, आणि शंभर मोबाइलच्या गर्दीत तो नीट चालणारही नाही. पाठीवरच्या लेबलवर पट्टा लिहिलेला असतो, पैसे देण्याआधी त्याचा फोटो मागवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, आणि तिचा यंत्राशी फारसा संबंध नाही. त्या चर्चासत्रात सूत्रसंचालकानं प्रत्येक प्रश्नाआधी खणखणीत आवाजात सांगितलं होतं, “बटण एकदाच दाबा, पुन्हा पुन्हा दाबू नका.” त्याचा हेतू चांगला होता. पण रिमोटवर दाबलेलं उत्तर रिसीव्हरला मिळालं की रिसीव्हर पोच देतो आणि हिरवा दिवा लागतो. पोच नाही आली तर लाल दिवा, किंवा दिवा नुसता लुकलुकतो. रिमोट स्वतः काही वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग थांबतो. ‘एकदाच’ म्हटल्यावर शिस्तीचा माणूस लाल दिवा बघूनही पुन्हा दाबत नाही. मी मागच्या ओळीत जाऊन विचारलं तर एक जण म्हणाले, “दाबलं की मी. पण दोनदा दाबलं तर दोन मतं पडतील की ओ. ते बरं न्हवं.” कुणाचं मत दोनदा पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचंच मत सोडून दिलं होतं. इतक्या प्रामाणिकपणाला आपण यंत्राच्या चुकीमुळे दंड करतोय हे मला फार लागलं.

दोन मतं पडत नाहीत. सर्वसाधारण सेटिंगमध्ये एका रिमोटचं शेवटचं उत्तर धरलं जातं, आधीचं पुसलं जातं. कार्यक्रमाआधी स्वतः दोन-तीनदा दाबून याची खात्री करून घ्या, आणि मग हे लोकांना स्पष्ट सांगा. मी आता सूत्रसंचालकाला एक चिठ्ठीच लिहून देतो : “हिरवा दिवा लागेपर्यंत दाबा. कितीही वेळा दाबलं तरी मत एकच पडतं, शेवटचं. मत बदलायचं असेल तरी बदला.” नुसती ही घोषणा बदलल्यावर, बाकी काहीही न करता, उत्तरं किती वाढतात ते करून बघाच. शिवाय प्रश्न सुरू झाल्यावर सगळे एकाच क्षणी दाबतात, तेव्हा लहरींची टक्कर होते आणि रिमोटना थांबून पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून प्रश्न निदान वीस सेकंद उघडा ठेवा. पाच सेकंदांची उलटी मोजणी टाळ्या मिळवायला चांगली असते, मतं मिळवायला नाही.

पर्यायांच्या नावांतही माणसं अडकतात. पडद्यावर अ, ब, क, ड आणि रिमोटवर इंग्रजी अक्षरं किंवा आकडे असले की पन्नाशीच्या पुढचा माणूस थबकतो, आणि तो थबकला की वेळ संपते. पडद्यावर रिमोटवर असेल तेच छापा. मी सगळीकडे आकडे वापरतो आणि बटणांवर मराठी आकड्यांचे बारीक स्टिकर लावतो. दहावा पर्याय बऱ्याच रिमोटवर शून्याच्या बटणावर असतो, तेही तोंडानं सांगावं लागतं. सादरीकरण जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये असेल तर आलेखाखाली कचरा अक्षरं दिसतात. ती स्लाइड युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याशिवाय इलाज नाही.

सेलबद्दल. विखुरलेले तेच ते रिमोट गळत असतील तर इकडे या. आमच्या रिमोटमध्ये सीआर २०३२ हे तीन व्होल्टचे बटणसेल आहेत. मल्टिमीटर लावला तर जुना सेलही २.९ किंवा तीन व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. बटणसेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. नुसता बसलेला असताना व्होल्ट ठीक असतात, पण पाठवताना काही मिलिअँपियर मागितले की कोसळतात. म्हणून मीटर लावून सेलच्या दोन टोकांमध्ये २७० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद धरा, साधारण ११ मिलिअँपियर ओढले जातात. नव्या सेलचे व्होल्ट थोडेसेच उतरतात, थकलेल्याचे धाडकन. शेजारी एक नवा सेल ठेवून तुलना करा, आकडा पाठ करायची गरज नाही. बदलताना पूर्ण संचाचे एकदम बदला आणि तारीख झाकणाच्या आतून लिहा. अर्धे नवे, अर्धे जुने असले की पुढचे सहा महिने तुम्ही विखुरलेले दोष शोधत राहाल. मोसम संपला की सेल काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गळलेल्या सेलनं पत्र्या हिरव्या पडतात.

शाळेत रिमोट नेत असाल तर झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना ते प्रत्येक रिमोटवर बघा. बटणसेल लहान मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना. स्क्रू नसलेले रिमोट मी लहान मुलांच्या कार्यक्रमाला देत नाही.

काही रिमोटमध्ये एखादंच बटण बोटाला दाद देत नाही. रबरी बटणाच्या खाली काळा कार्बनचा ठिपका असतो, त्यावर घाम आणि धूळ बसते. रिमोट उघडून सर्किटवरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं हलकेच पुसा, सुकू द्या. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही जातात.

लॅपटॉपचे दोष बहुधा अचानक येतात. सगळं चालू असताना उत्तरं एकदम शून्य झाली तर विंडोजनं वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्यात पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर जातो, नेमका तेव्हाच हा प्रकार होतो, म्हणून बॅटरीवरचं सेटिंगही बदला. स्लाइडवर मतदानाची पट्टीच दिसत नसेल तर पॉवरपॉइंटनं ॲड-इन, म्हणजे त्याला जोडलेलं मतदानाचं सॉफ्टवेअर, बंद केलेलं असतं. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली मॅनेजमध्ये डिसेबल्ड आयटेम्स निवडून गो, आणि तिथून पुन्हा चालू करा. व्हॉट्सॲप किंवा ईमेलनं आलेली फाइल सुरक्षित दृश्यात उघडते, तिच्यातही ॲड-इन चालत नाही. वरच्या पिवळ्या पट्टीवरचं एनेबल एडिटिंग दाबा.

आता मी प्रत्येक कार्यक्रमात पहिला प्रश्न कामाचा विचारतच नाही. सांगली जिल्ह्यात तालुके दहा आणि माझ्या रिमोटवर बटणंही दहा, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला : तुम्ही कुठल्या तालुक्यातून आलात? शिराळा १, वाळवा २, पलूस ३, कडेगाव ४, खानापूर ५, आटपाडी ६, तासगाव ७, मिरज ८, कवठेमहांकाळ ९, जत शून्य. लोकांना हा प्रश्न आवडतो, हात लगेच चालतो, दिवा कसा बघायचा ते समजतं, आणि भरलेल्या सभागृहातली खरी चाचणी तिथंच होते. शून्याचं बटणही तपासलं जातं. १२० पैकी ११६ च्या खाली आकडा राहिला तर मी सूत्रसंचालकाला खूण करतो, तो दोन मिनिटं बोलत राहतो, आणि मी तक्त्यातले राहिलेले क्रमांक घेऊन ओळींमधून फिरतो. कुणी रिमोट खिशात ठेवलेला असतो, कुणी चहाला गेलेला असतो, कुणाला बदली रिमोट द्यावा लागतो. दहा जास्तीचे रिमोट याच कामासाठी खिशात असतात.

पडद्यावर निकालासोबत ‘१२० पैकी इतके’ हा आकडा मी कायम ठेवतो, आयोजकांनी काढायला सांगितलं तरी. आणि एखाद्या प्रश्नाला उत्तरं नव्वद टक्क्यांच्या खाली आली, तर आलेख उघडण्याआधीच तो प्रश्न पुन्हा घ्यायचा. आलेख एकदा दिसला की मागचा माणूस पुढच्यांकडे बघून मत देतो, मग पुन्हा मोजण्यात अर्थ उरत नाही. दुसऱ्या वेळीही आकडा भरला नाही तर रिमोट बाजूला ठेवायचे आणि ओळीनं हात मोजायचे, मागच्या ओळीपासून सुरुवात करून.